धाकट्याची सही

घड्याळजी तोंडाचा तिखट, पण वेळेचा पक्का. एका गिऱ्हाइकाचं सोन्याचं घड्याळ हरवलं आणि सोमवारी सकाळी दहाच्या ठोक्याला पोलीस दुकानात आले. "अटक नाही हो, नुसती चौकशी," म्हणाले. ती नुसती चौकशी काही संपता संपेना. भिंतीवरचं सात मिनिटं मागे पडलेलं घड्याळ बघत त्याने ठाण्याच्या बाकावर दोन दिवस काढले. मनातून मात्र तो निर्धास्त होता. धरलेल्या माणसाला चोवीस तासांत कोर्टापुढे उभं करावंच लागतं, हे त्याला ठाऊक होतं. "तिथे तुमचे काटे सरळ करतो," असं त्याने हवालदाराला तोंडावर सुनावलं.

बुधवारी दुपारी कोर्टात त्याने सगळं तासामिनिटांनिशी सांगितलं. न्यायाधीशबाईंनी अटकेचा कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: अटक, बुधवारी सकाळी नऊ वाजता.

"अटक नऊला माझ्यासमोर झाली, असं तुमच्या घरच्याच माणसाने सही करून दिलंय. कोण हे?"

सही धाकट्या भावाची होती. दोन्ही दिवस ठाण्यात जेवणाचा डबा तोच तर आणून देत होता! आता तो मागच्या बाकावर, दुकानाच्या किल्ल्या मुठीत धरून, मान खाली घालून बसला होता.

घड्याळजीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

"भाऊ आहे, मॅडम. त्याला घड्याळ बघायला मीच शिकवलं."