फॉर्म भरायच्या दिवशी अण्णा कुठे होते

मागच्या विधानसभेला, फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सावळीराम अण्णा विकले गेले, असं अख्खा देवळा तालुका एकमेकांच्या कानात सांगतो. समोरच्या पार्टीने त्यांना पांढऱ्या गाडीत घातलं, त्र्यंबक रोडच्या फार्महाऊसवर तीन वाजेपर्यंत मटण खाऊ घातलं आणि पेट्रोल पंप कबूल केला. तो पंप कोणत्या रस्त्याला आहे ते अजून कुणाला सापडलेलं नाही. आणि अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, हे मटण वाढणाऱ्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

अण्णा जुन्या वळणाचे. तीस वर्षं एक पक्ष, एक टोपी. त्यांच्याबरोबरचे लोक दोन-दोनदा पक्ष बदलून आले. अण्णा पहिल्याच सतरंजीवर. पंचायत समिती झाली, जिल्हा परिषद झाली. कामं म्हणाल तर दोन बसथांबे आणि एक सभामंडप. पण तालुक्यातला एकही दहावा त्यांनी चुकवला नाही. नदीकाठी पिंड ठेवलेला, माइक लावलेला आणि अण्णा श्रद्धांजली वाहताहेत, हे ठरलेलं. एकदा तर त्यांनी गेलेल्याला सोडून समोर बसलेल्या त्याच्या थोरल्या भावालाच श्रद्धांजली वाहिली. भाऊ शेवटपर्यंत ऐकत राहिला. "राहू द्या," म्हणाला, "लय चांगलं बोलले."

या सगळ्या दहाव्यांना जीप केरूने नेली. बावीस वर्षं.

मधे एकदा पंचायत समितीची जागा महिला राखीव झाली. अण्णांनी केरूला शब्द दिला, "तुझी मालनच उभी राहील." मालनबाईंनी येवल्याची साडी नेसून फोटो काढला. फॉर्म भरायला केरूच अण्णांना घेऊन गेला. अण्णांच्या खिशातल्या फॉर्मवर नाव होतं त्यांच्या सुनेचं, ललिताचं. केरूला ते कचेरीबाहेरच्या फलकावर वाचायला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी जीप पुसून दारात उभा. ललिताच्या प्रचारात त्यानेच गाडी चालवली.

मग अडुसष्टाव्या वर्षी पक्षाला अण्णांची आठवण झाली. आमदारकीचं तिकीट मिळालं, तेही शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. आणि शेवटच्याच दिवशी केरूचा दहावा. अण्णांचा मुलगा दिनेश कागद घेऊन कचेरीत थांबला; सही तेवढी अण्णांची राहिली होती. कचेरी तासाभराच्या वाटेवर. अण्णांनी ठरवलं, अकराला नदीवर, बाराला निघायचं.

केरूचा पोरगा भारत सुरतेहून उशिरा आला. पिंड ठेवायलाच साडेबारा वाजले. माइक नव्हता, पाहुणे दहा-बारा. कावळे बाभळीवर बसले, पण खाली येईनात. भारतने हात जोडले, बहिणीने जोडले.

"अण्णा, आता तुमी बोला," मालनबाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं झालं."

अण्णा पुढे झाले. "केरू, पुढच्या खेपेला मालनबाईला तिकीट. माझा शब्द."

"तो एकदा दिलेला हाय," मालनबाई म्हणाल्या.

दिनेशचा फोन वाजत होता. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात आहे."

"करा," मालनबाई म्हणाल्या. "अण्णांची गाडी चालू हाय."

आयुष्यभर अण्णांनी लोकांचे दहावे असेच आवरते घेतले होते. पण आज ते पिंडासमोर मांडी घालून बसले.

"दर्भाचा नको," म्हणाले. मग खाली मान घालून, "केरू, ललिताचं नाव लागणार हे मला आठ दिवस आधी माहीत होतं. तुला सांगायला जीभ रेटली नाही. गाडीतसुद्धा नाही."

मालनबाईंनी पदर तोंडाला लावला. कावळा काही आला नाही. दोन वाजून गेले, भारतने "काका, निघा" म्हणून पाहिलं, पण अण्णा हलले नाहीत.

मालनबाई हे विचारणाऱ्याला सरळ सांगतात. लोक हसतात: कावळ्यापायी आमदारकी सोडतं का कुणी? अण्णांना विचारलं तर ते टोपी नीट करतात. आता दहाव्याला ते मागे बसतात, माइक घेत नाहीत.

त्या दिवशी ते गिरणेच्या काठी होते. कावळा अडीचला शिवला. कचेरीचं दार तीनला बंद झालं. अण्णा तिथे साडेतीनला पोचले.