मधुकरभाऊंचा बटनवाला फोन

मधुकरभाऊ गेल्याचं मला कामठीत कळलं. एका यंत्रमागवाल्याच्या दारात उभा होतो. फोनवर त्यांची मुलगी म्हणाली, "काका, बाबा सकाळी चहा पिता पिता..." मागांच्या खडखडाटात मी नुसतं "हो, हो" म्हणत राहिलो. त्याला आता सव्वा महिना झाला. लिहायला बसत नव्हतो, कारण लिहायचं तर एक गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी चौदा वर्षं कुणालाच सांगितलेली नाही.

आम्ही दोघे यंत्रमागांचे सुटे भाग विकायचो. नागपूरच्या शाखेत समोरासमोर दोन टेबलं, एक त्यांचं, एक माझं. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठे, उमरेडच्या विणकर घरातले. कंपनीनं साहेबलोकांकडे असतो तसला फोन शाखेला दिला, तो साहजिकच त्यांच्याकडे गेला. अर्ध्या अंगावर इंग्रजी अक्षरांची बारीक बटनं. मेल आला की कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायचा. तेव्हा असा फोन हातात दिसला की कामठीतले मागवाले खुर्ची पुढे करत. महिनाभरात भाऊ न बघता टाइप करू लागले. शेअर ऑटोत माझ्याशी बोलतायत, डोळे रस्त्यावर, आणि अंगठे आपले चाललेत... आमचा नियम एकच होता: दिवा दिसला तर भाऊंना आवाज द्यायचा, उघडायचं नाही.

तो नियम मी मोडला. एका दुपारी दिवा लागला, तो भाऊंनीही पाहिला. "जेवून पाहतो गा," म्हणत ते डबा घेऊन मागच्या खोलीत गेले. मी मेल उघडला. मुख्य कचेरीनं विचारलं होतं, सुरतेला मोठी जागा रिकामी आहे, याल का, उद्यापर्यंत कळवा. ती जागा मला हवी होती. नुसती हवी नव्हती, मिळणारच असं घरी सांगून बसलो होतो. मी तो मेल पुसून टाकला.

भाऊ हात पुसत आले. फोन उचलला, पाहिला.

"लाइट होता ना गा?"

"नेटवर्कचं काही असंन, भाऊ."

त्यांनी फोन खिशात टाकला. एवढंच. ती जागा मलाही मिळाली नाही, बाहेरचाच कुणी आला.

पुढं काचेचे फोन आले. भाऊंनी तोही घेतला, पण जुना सोडला नाही. त्यातले मेल बंद पडले तरी कुणाच्या मागाला कोणता भाग लागतो, ती सगळी टिपणं त्यातच. मी चिडवायचो, "भाऊ, अजायबघरात देऊन टाका आता." ते म्हणत, "काचेवर बोट घसरते गा. बटन कसं, दाबलं तं दाबलं म्हणून समजते." आणि जेवायला जाताना तो फोन ते माझ्या टेबलावर ठेवून जात. पूर्वी स्वतःच्या ठेवत, त्या दुपारनंतर माझ्या. मला वाटे, बिचाऱ्यांना काहीच कळलं नाही. माझा डबा मग अर्धाच संपायचा.

मागच्या रविवारी भाऊंच्या बायकोनं, शालूवहिनींनी, घरी बोलावलं, तो फोन पुढं ठेवला. "तुमच्यासाठी ठेवला, भाऊजी." मला तो उचलता येईना. खाली बघत सगळं सांगून टाकलं. त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

"चहा थंडा होऊन राहिला, घ्या," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "त्यांले त्याच दिवशी समजलं होतं न. लाइट पाहून जेवाले गेले, आले तं लाइट नाही. दुसऱ्या दिवशी मेलचं उत्तर नाही म्हणून मुख्य कचेरीवाल्यांनी घरीच फोन केला. हे नाही म्हणाले. सासूबाईले दिसत नव्हतं, पण हे घर त्यांच्या हाताले माहीत होतं. नव्या घरात माय चाचपडन, म्हणे."

"मग मले बोलले काहून नाही?"

"मीबी तेच विचारलं. म्हणे, बोललो तं तो नजर मिळवणार नाही. त्यापेक्षा फोन भरवशानं त्याच्याच टेबलावर ठेवतो." वहिनींना हसू आलं. "आणखी म्हणे, चोरी कराची तं लाइटचं तं पाहाव माणसानं."

मीही हसलो... आणि मग बराच वेळ डोळे पुसत बसलो. भाऊ नाहीत याचं दुःख आहेच. पण त्या दुःखात आता चोरी नाही.

फोन शाखेत आणलाय. चार्ज केला की अजून सुरू होतो. दिवा तेवढा लागत नाही. त्यांचं टेबल रिकामंच आहे. जेवायला उठताना मी तो त्यावर ठेवून जातो, आणि पोटभर जेवतो.