टाकी भरल्याची खबर

वसाहतीतल्या सहा इमारतींना पाणी चढवणारी बाई एकच होती, आणि तिला सगळे पंपवाली म्हणायचे. तोंडावर. पाठीमागे काय म्हणायचे तेही तिला ठाऊक होतं, कारण ते नाव तिच्याच घरातून बाहेर पडलं होतं. ती सात वर्षांची असताना तिनं चौथ्यांदा भात मागितला. थोरला भाऊ म्हणाला, "आई, हिला भस्म्या झालाय." कितीही खाल्लं तरी पोट भरत नाही, तो रोग. आई हसली, बाप हसला, आणि नाव चिकटलं ते चिकटलं. बेचाळीस वर्षं झाली.

बापाच्या मागे ती पंपावर लागली. लग्न जमलं नाही, त्याचंही खापर भस्म्यावर फुटलं. भावाच्या घरात मागची खोली तिची, स्वयंपाकघर सगळ्यांचं. पहाटे पाचला पंपखोली उघडायची, तळटाकीत डोकावायचं, मोटर चालू करायची आणि वरच्या टाक्या भरेपर्यंत ओल्या भिंतीला टेकून बसायचं. मोटरचा आवाज असा की शेजारचा बोललेला ऐकू येऊ नये. पण तिच्या डोक्यात दुसराच आवाज असायचा आणि तो मोटरच्या वर ऐकू यायचा. डब्यात काय उरलंय. दुपारी काय असेल. जेवून हात धुताना तिला पुढच्या जेवणाची आठवण व्हायची.

तिनं काय नाही केलं. उपास केले, ताट लहान केलं, जेवणाआधी लोटाभर पाणी पिऊन पाहिलं. दहा किलो उतरायचे, बारा चढायचे. वहिनी म्हणायची, "वन्सं, मनावर घ्यावं लागतं." मनावर तर ती रोज घेत होती. सहा इमारतींच्या टाक्या तिनं एकही दिवस कोरड्या पडू दिल्या नव्हत्या. अशा बाईला निग्रह नाही म्हणायचं, आणि ते दुपारी दोन तास झोपणाऱ्या भावानं म्हणायचं.

साखर वाढली तेव्हा ती डॉक्टरीणबाईंकडे गेली. नेहमीचा उपदेश ऐकायच्या तयारीनं गेली, कपाळाला आठी घालूनच. पण बाईंनी उपदेश केला नाही. त्या म्हणाल्या, "जेवलो की आतडं एक निरोप सोडतं, रक्तातून. स्वादुपिंडाला सांगतं, साखर सांभाळ. जठराला सांगतं, सावकाश. आणि डोक्याला सांगतं, पुरे झालं. काहींच्या डोक्याला हा निरोप नीट लागत नाही. का, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. अंगातला निरोप दोन-चार मिनिटांत विरतो. या इंजेक्शनमध्ये तशाच निरोपाची नक्कल आहे, ती आठवडाभर टिकते."

 पंपवाली म्हणाली, "फ्लोट."

"काय?"

"वरच्या टाकीत फ्लोट असतो, बाई. पाणी चढलं की तो वर येतो आणि तारेतून खाली खबर जाते, मोटर बंद. तार तुटली तर टाकी भरून वाहते आणि मोटर चालूच. त्यात मोटरचा काय दोष?"

"काहीच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आठवड्याला एक टोचणी, दर गुरुवारी, औषध भरलेल्या पेनाला नवी सुई लावून घरीच घ्यायची. आधी अगदी थोडं औषध, चार आठवडे तेवढंच, मग किंचित वाढवायचं. पूर्ण मात्रेवर यायला पाच महिने लागले. ते पाच महिने काही मजेचे नव्हते. मळमळ, करपट ढेकर, दगडासारखं पोट. एकदा पंपखोलीच्या गटारावर ती अर्धा तास ओकत बसली होती. एकदा मुख्य व्हॉल्व्हचं चाक फिरेना, दंडातली ताकदच गेलेली. बाई रागावल्या, "चरबीबरोबर मांसही झडतं. भूक नसली तरी अंडी, डाळी खायच्याच, आणि वजनं उचलायची." घरी तिनं यातलं अक्षर सांगितलं नाही. बेचाळीस वर्षं जेवणावरून बोलणी खाल्लेली बाई, आता न जेवण्याचं काय सांगणार?

पण तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मोटर चालू केली आणि तिच्या लक्षात आलं, डोक्यातला आवाज बंद आहे. डबा शेजारी होता. त्यात काय आहे तिला आठवेना. ती भिंतीला टेकून बसली आणि तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. पायाच्या नखापासून वर चढत आला. म्हणजे बाकीचे सगळे असेच जगत होते? या शांततेत? आणि या शांततेत बसून ते मला शिकवत होते? यांनी मला रोगाचं नाव ठेवलं, चारचौघांत हाका मारल्या, आणि रोग आहे तर औषध काय, हे एकानंही विचारलं नाही.

मधे महिनाभर दुकानात औषध आलं नाही, तर आवाज परत आला, जसाच्या तसा, आणि चार किलो घेऊन आला. पुन्हा सुरू करताना बाईंनी तळापासून सुरू करायला लावलं. तेव्हा तर हा निग्रहाचा प्रश्न कधीच नव्हता याची तिला खात्रीच झाली आणि राग दुप्पट झाला. बावीस किलो उतरल्यावर भाऊ म्हणाला, "बघ, मनावर घेतलंस ना शेवटी," तेव्हा तिनं हातातलं भांडं इतक्या जोरात ठेवलं की वहिनी दचकली.

या घरात आणखी एक भूक होती. भावाची लेक, सोळा वर्षांची, आत्याच्याच बांध्याची. बाप तिला दुसरी भस्म्या म्हणायचा. स्वयंपाकघरातल्या कपाटाला त्यानं कडी ठोकून कुलूप घातलं होतं आणि किल्ली करगोट्याला बांधावी तशी कमरेला लावून हिंडायचा. पोरगी रात्रीची उपाशी निजायची आणि शाळेच्या वाटेवर बिस्किटं खायची. आत्या बघायची. आपलं घर नाही, आपली लेक नाही, म्हणून गप्प बसायची. स्वतःच्या गप्प बसण्याचाही तिला राग यायचा.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरीला मंगळवारी उलट्या सुरू झाल्या. भाऊ म्हणाला, "बाहेरचं अरबट-चरबट खाल्लं असेल." वहिनी मीठ-साखरेचं पाणी देत होती, ते पोटात ठरत नव्हतं. बुधवारी पोरगी भिंत धरून चालायला लागली. गुरुवारी सकाळी पंपवालीनं आपली टोचणी घ्यायला फ्रीज उघडला. पेन जागेवर होतं, पण त्यातलं औषध कमी होतं, आणि सुयांच्या डबीत एक सुई कमी. पंपखोलीच्या सवयीनं ती खोक्यावर प्रत्येक गुरुवारची तारीख लिहायची. तारीख एक, औषध मात्र दोन गुरुवारांचं गेलेलं.

ती पेन हातात घेऊन बाहेर आली. भाऊ चहा पीत होता.

"दादा, किती टोचलंस?"

"काय?"

"पोरीला. किती टोचलंस?"

भावानं कप खाली ठेवला नाही. "सोमवारी टोचलं, तू घेतेस तेवढंच. तुझ्यापेक्षा जास्त नाही दिलं."

"मी घेते तेवढं घ्यायला मला पाच महिने लागले. हिला पहिल्याच दिवशी?"

"तुझी चरबी कशी उतरली मग? सुट्टी संपायच्या आत म्हटलं हिचीही थोडी..."

"माझंच पेन, तेही न विचारता, डॉक्टरांना न दाखवता. वहिनी, तुम्हाला माहीत होतं?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिली. "ते म्हणाले, घरचंच आहे."

आतून पोरीचा आवाज आला, बारीक, घशाला कोरड पडलेला. "आत्या, बाबा म्हणाले यानं भस्म्या जाईल."

पंपवालीनं पोरीला चप्पलसुद्धा घालू दिली नाही. खांद्याला धरून उठवलं आणि समोर मिळाली त्या रिक्षात घातलं. भाऊ मागून आला. दवाखान्यात विचारलं, काय खाल्लं होतं? भाऊ म्हणाला, "बाहेरचं..." आणि ती मधेच, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "खाल्लं काही नाही. हिच्या बापानं हिला माझं औषध टोचलं, पूर्ण मात्रेचं, सोमवारी. हे पेन."

डॉक्टरनं पेन उलटसुलट बघितलं. अंगातलं पाणी आटलंय, म्हणाला. सलाईन लावली, मूत्रपिंडाची तपासणी पाठवली. "हे औषध आठवडाभर अंगात राहतं, काढून घेता येत नाही. तोवर सांभाळायचं. आणि दुसऱ्याचं पेन सुई बदलूनही वापरायचं नसतं, ते माहीत होतं?" भावाला भिंतीवरचं कॅलेंडर फार वाचावंसं वाटायला लागलं.

दोन दिवस पोरगी दवाखान्यात होती. मूत्रपिंडं शाबूत निघाली. पंपवालीनं पहिल्यांदाच पंपाची सुट्टी टाकली, सहा इमारतींनी कुरकुर केली, करू दिली. पोरगी छताकडे बघत म्हणाली, "माझी चूक आहे ना, आत्या? मला राहवत नाही."

तेव्हा तिनं सगळं सांगितलं. फ्लोट, तार, मोटर. गटारावर ओकलेली सकाळ. न फिरणारं चाक. परत आलेला आवाज. हे आधी सांगितलं असतं तर, असं तिला दर वाक्याला वाटत होतं, पण ती थांबली नाही.

"तुझ्यापण डोक्यात असतो तो आवाज?"

"आता नाही. इतकी वर्षं होता."

"मला वाटलं मीच घाणेरडी आहे."

पंपवालीनं तिच्या सलाईनच्या हाताखाली उशी सरकवली. 

घरी आल्यावर तिनं पोरीला खुर्चीत बसवलं आणि पंपखोलीतून आणलेला दोन फुटी पान्हा स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या कडीत अडकवला. दंडात आता पुन्हा ताकद आली होती. दोन हिसक्यांत कडी, कुलूप आणि लाकडाची ढलपी खाली आली.

"हे काय चालवलंयस?" भाऊ दारात उभा राहिला. "कपाट माझं आहे."

"कपाट तुझंच आहे. ठेव."

"उघडं ठेवलं तर ही सगळं खाईल."

"भूक लागली तर खाईल. सोमवारी मी हिला माझ्या बाईंकडे नेणार आहे. आधी सगळ्या तपासण्या."

"आणि औषध? एवढं सगळं झाल्यावर परत तेच औषध?"

"द्यायचं का नाही, कधी, किती, ते बाई ठरवतील. हिला विचारून. तुला विचारून नाही." तिनं पान्हा ओट्यावर ठेवला, आवाज न करता. "आणि दादा, ते नाव. माझं आणि हिचं. यापुढे तुझ्या तोंडून आलं, तर या घरातली दुसरी गोष्ट काय काढायची ते मी पान्हा हातात घेऊनच ठरवीन."

भाऊ काहीतरी बोलणार होता. वहिनीनं त्याच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि केराच्या डब्यात टाकली. तोही तिच्याकडे बघत राहिला आणि पंपवालीही.

पोरीनं उघड्या कपाटाकडे पाहिलं. बिस्किटांचा पुडा समोरच होता. तिनं तो हातात घेतला, वास घेतला, आणि परत ठेवला. "आत्ता नको," ती म्हणाली. "मळमळतंय अजून."

"नको तर नको," पंपवाली म्हणाली. "तिथंच आहे तो." मग तिनं पान्हा पिशवीत घातला आणि पंपावर निघाली. टाक्या दोन दिवस दुसऱ्याच्या हाती होत्या, आणि त्याचाही तिला राग येत होता.