हसऱ्या आवाजाची नोकरी

माझी भाची कंपनीत फोनवर तक्रारी ऐकायची. समोर आरसा टांगलेला असायचा, शिव्या खातानाही चेहरा हसरा राहावा म्हणून! हल्ली तिची छाती धडधडायची. डॉक्टर म्हणाले, "मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, शरीर पळायला सज्ज होतं. ती घंटा थांबायला जरा वेळ द्या."

तिने साहेबांकडे शिवीगाळीनंतर पाच मिनिटं मागितली.

साहेब म्हणाले, "ताई, मन खंबीर करा की!"

मेंदू काय यांचा नोकर आहे, हुकूम सोडला की गप्प बसायला?

काल एकाने आईवरून शिवी दिली. फोन ठेवून ती पाचच मिनिटं डोळे मिटून बसली. साहेबांनी तिला काढून टाकलं. कारण काय, तर म्हणे स्वभाव तापट! लहानपणी हिची बाहुली कोणीही हिसकावून न्यायचं.