मानाची थोरली

चिमणाबाई सातव्या वर्षी लग्न होऊन सयाजीच्या घरात आली, तेव्हा थोरली जाऊ धोंडुबाई तिथं आधीपासून होती. धोंडुबाईनं तिची वेणीफणी केली, भाकरी थापायला शिकवलं आणि सणासुदीला तिच्याकडून वाकून नमस्कारही करून घेतला. बारा वर्षं हे असंच चाललं. मग सयाजीचा थोरला भाऊ, धोंडुबाईचा नवरा, वारला. त्यांच्यात विधवेचा दिराशी पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागायचा, तसा धोंडुबाईचा सयाजीशी लागला आणि एका दिवसात सगळं उलटं झालं. कालची थोरली जाऊ आज धाकटी सवत झाली.

ही संधी सोडली तर ती चिमणाबाई कसली! वीस वर्षांनी मोठ्या बाईला पायावर डोकं ठेवायला लावून ती तोंडभर आशीर्वाद द्यायची, "शाणी हो, पोरी." धोंडुबाईचे गुडघे कटकट वाजायचे, तरी ती निमूट वाकायची. लग्नाची बायको ती थोरली, असा रिवाज. तिथं पांढऱ्या केसांना कोण विचारतो? खरं सांगायचं तर चिमणाबाई जरा चेकाळलीच होती.

अशीच आणखी बारा वर्षं गेली. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापुरात प्लेग आला आणि लोक माळावरच्या झोपड्यांत राहायला निघाले. बैलगाडीत घरटी एकच जागा, तीही थोरल्या माणसाला. नावं लिहायला आलेल्या दरबारच्या कारकुनानं दारात विचारलं, इथं थोरली कोण? चिमणाबाई पदर सावरत पुढं झाली. तिशीतली थोरली बघून कारकून चक्रावला, पण नाव लिहून मोकळा झाला.

ती ऐटीत चढली खरी, पण गाडीत सगळ्या बोळक्या तोंडाच्या म्हाताऱ्या. एकीनं हात लावून तिचे दात खरेच आहेत का ते पाहिलं, दुसरीनं कंबर फार धरते का विचारलं. चिमणाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरावं, तर मान जाणार.

सयाजी बोचकी घेऊन पुढं गेला होता. धोंडुबाई गुडघ्यावर हात टेकत गाडीमागून येत होती. ओढ्याच्या उतारावर ती मटकन खाली बसली आणि काही केल्या उठेना. गाडी थांबवून चिमणाबाई खाली उतरली आणि धोंडुबाईला वर चढ म्हणाली. जागा थोरलीची, मी कशी बसू, म्हणून धोंडुबाई अडून राहिली.

"थोरली सांगतीया. ऐकायचं."

धोंडुबाई निमूट चढली. सोबत चालणारा कारकून वही काढून कावला. थोरली नक्की कोण, ते एकदाचं सांगा म्हणाला.

"मानानं मी, गुडघ्यानं ती. लिवा काय लिवायचं ते."

कारकुनानं त्या घरापुढं दोन थोरल्या लिहिल्या आणि गाडी हाकायला सांगितली.