साथीला बसणारा माणूस आणि भोपाळची जॅझ कार्यशाळा

भोपाळला जायचं मी आधी ठरवलं आणि विनायकरावांना नंतर सांगितलं. आमच्या घरात महत्त्वाचे निर्णय असेच होतात.

विनायकराव म्हणजे माझे यजमान. बँकेतून निवृत्त, आणि नागपुरात हार्मोनियमचे साथीदार म्हणून बऱ्यापैकी नाव असलेले. ज्या बाईंना त्यांनी बावीस वर्षं साथ केली, त्या गाणं थांबवून मुलाकडे बंगळुरूला गेल्या. त्या दिवशी यांनी पेटीला खोळ घातली ती काढलीच नाही. "गाणारंच कुणी नाही, तर वाजवायचं कुणासाठी?" हे वाक्य मी आठ महिने ऐकलं. सकाळपासून बातम्या लावून बसायला लागले, तेव्हा मात्र मला खरोखर धास्ती वाटली. अशी माणसं हळूहळू विझतात, मी पाहिलेली आहेत.

तेवढ्यात भोपाळहून भाचीचा, केतकीचा फोन आला. ती तिकडे संगीतात बी.ए. करते. "आत्या, अमेरिकेहून एक जॅझवाले सर आ रहे हैं. दोन दिवसांची वर्कशॉप आहे, स्टुडंट्स आणि टीचर्ससाठी. आतोबांना घेऊन ये ना!" जॅझबद्दलचं माझं ज्ञान म्हणजे जुन्या हिंदी सिनेमातली क्लबमधली गाणी. तरी मी फॉर्म भरला. शेजारच्या दोन मुली कधीकाळी परीक्षेपुरत्या यांच्याकडे शिकल्या होत्या, तेवढ्या बळावर 'शिक्षक' या रकान्यात बेधडक खूण केली.

नागपूर ते भोपाळ रेल्वेने साधारण सहा तास. सकाळची गाडी घ्या आणि खिडकी मिळवा, कारण इटारसीनंतर नर्मदा लागते आणि पुढे बुधनीच्या जंगलातला घाट. थ्री एसीचं तिकीट माणशी सहा-सातशेच्या घरात पडतं. पेटी सीटखाली सरकवली होती. समोरच्या बाईंनी विचारलंच, "अंकल, हार्मोनियम है क्या? कुछ सुनाइए ना!" त्यावर हे म्हणाले, "गाएगा कौन?" मी नर्मदेला हात जोडले.

माझा भाऊ सुधीर, म्हणजे केतकीचे बाबा, शिवाजी नगरात सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. स्टेशनवरून रिक्षाचे दोनशे सांगतात, दीडशेला येतात. सकाळी वहिनीने पोहे-जलेबी पुढे ठेवली. पोह्यांवर तर्रीचा झणझणीत रस्सा नाही आणि शेजारी जलेबी, हे नागपूरकराला जड जातं. पण जिरावण मसाला भुरभुरलेले ते पोहे मी दोनदा मागून घेतले, हे इथे कबूल करते.

कार्यशाळा अरेरा कॉलनीतल्या एका संगीतशाळेच्या हॉलमध्ये होती. वॉल्टर सर साठी ओलांडलेले, उंच, हळू बोलणारे. त्यांचं वाद्य डबल बास, म्हणजे माणसाहून उंच व्हायोलिनच म्हणा, उभं धरून बोटांनी छेडायचं. ते धूड दोन जिने त्यांनी स्वतः चढवून आणलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग चाळीस जणांची नावं विचारली आणि दुपारपर्यंत त्यातली बहुतेक पाठ केली. आमच्या शाळेत मी तीस वर्षं शिकवलं, मला हे कधी जमलं नाही.

शिकवण्याची रीत सोपी होती. एक छोटी धून सगळ्यांनी मिळून वाजवायची, मग एकेकाने सोळा मात्रा आपल्या मनाचं काही वाजवायचं आणि बाकीच्यांनी त्याला मागून आधार द्यायचा. सतारवाले सर झाले, गिटारवाली मुलगी झाली, केतकी गायली. मग विनायकरावांची वेळ आली. बोटं पट्ट्यांवर, भाता चालू, आणि आवाज काही नाही. सोळा मात्रा तशाच निघून गेल्या.

दुसऱ्या फेरीत त्यांनी वाजवलं, आणि काय वाजवलं! फक्त ते केतकीने नुकतंच गायलेलं होतं, मुरकीसकट जसंच्या तसं. लोक "वाह" म्हणाले. वॉल्टर सर हसून म्हणाले, "फार सुंदर. पण हे तिचं झालं. तुमचं कुठंय?"

विनायकरावांचे कान लाल झाले. सुधीरकडे परतल्यावर चहा घेताना म्हणाले, "उद्या मी येत नाही. मागे बसणाऱ्याने मागेच बसावं." मला इतकं वाईट वाटलं की मनात आलं, उगाच आणलं या माणसाला. होती ती उमेदही घालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतकी फोन हातात घेऊनच आली. "आतोबा, सर का मेसेज आया है. म्हणतात, एकदा ऐकून केतकीचं सगळं तुम्ही कसं वाजवलंत? त्यांना ते शिकायचंय. क्लासमध्ये तुम्ही शिकवाल का, विचारतायत."

"मी?"

"हो ना! सच में!"

"शिकवायचं असेल तर गोष्ट वेगळी," असं म्हणत हे उठले आणि इस्त्रीचा सदरा शोधायला लागले. अभिमान कधीकधी कामी येतो.

त्या दिवशी विनायकरावांनी चाळीस जणांना साथ म्हणजे काय ते सांगितलं. गायकाच्या तोंडाकडे बघायचं, तो श्वास कुठे घेतो ते ओळखायचं, त्याच्या किंचित मागे राहायचं, कधी पुढे जायचं नाही. वॉल्टर सर जमिनीवर मांडी घालून वहीत लिहून घेत होते. मग त्यांनी आपला बास पेटीशेजारी आणला. "मीही चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या मागेच उभा आहे. आता मी तुमची साथ करतो. शिकवलंत तशी."

आणि झालं असं, की हे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबले आणि ते यांच्या तोंडाकडे. कुणीच सुरू करेना. मागून एक मुलगा अस्सल भोपाळी थाटात ओरडला, "अरे खां, कोई तो बजाओ!" सगळा हॉल हसला. विनायकरावही हसले आणि हसता हसता त्यांनी षड्ज लावला.

बासने खालून तोच षड्ज दिला. यांनी गंधार घेतला, बास मागून तिथे आला. मध्येच यांचं बोट भलत्याच पट्टीवर पडलं, तर सरांनी इमानदार साथीदारासारखा तो चुकीचा स्वरही वाजवला! यांनी मान हलवली आणि त्या स्वरावरूनच पुढे वाट काढली. किती वेळ वाजवलं सांगता येणार नाही, सोळा मात्रांपेक्षा मात्र बरंच जास्त. मी रडले. वहिनी सोबत आली होती, तीही रडली, पण ती मालिका बघूनही रडते.

नंतर आम्ही जुन्या शहरात मीठ घातलेला सुलेमानी चहा प्यायलो (एकदा प्यावा, दुसऱ्यांदा आपापल्या जबाबदारीवर), बोट क्लबवर मोठ्या तलावाकडे बघत भुट्टे खाल्ले. निघण्याआधी वॉल्टर सरांनी यांना वाकून नमस्कार केला. माणूस मोठा असला की त्याला वाकायला अडचण पडत नाही.

घरी येऊन तीन आठवडे झाले. विनायकराव रोज सकाळी पेटी घेऊन बसतात. रोज चांगलं वाजवतात असं नाही, अडतात, "छे, हे काही जमलं नाही," म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. बातम्या दुपारनंतर.

लग्नाला एकतीस वर्षं झाली. एवढी वर्षं आपण यांची पेटी ऐकतोय असं मी समजत होते, आणि ऐकत होते गाणाऱ्यांना. परवा मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर पेटी सुरू झाली. पुढे काय येणार ते मला ओळखता येईना. मी गॅस बंद केला आणि बाहेर जाऊन त्यांच्या समोर बसले.