वडागळे मास्तरांची मुकी पट्टी

सानपाड्याच्या मराठी चर्चमध्ये रविवारची उपासना चालू असली, की रस्त्यावरून जाणाऱ्या नवख्या माणसाला हमखास वाटायचं, आत कोणाचं तरी बोट दारात सापडलं. गाणं कसं सुरळीत चाललेलं असायचं आणि मधेच एक घोगरा, ताणलेला "आऽऽ!" बाहेर यायचा. पुन्हा गाणं सुरळीत. पुढच्या ओळीला पुन्हा "आऽऽ!"

ते शांतवन वडागळे मास्तर. चर्चची पेटी वाजवायचे. हा आवाज का निघायचा, त्याची कहाणी मास्तरांनी कधी सांगितली नाही. पण अरुणाबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, ती पाठ होती आणि सांगायची हौसही दांडगी होती.

मास्तर नगरकडच्या एका लहान गावातून वीज मंडळाच्या नोकरीसाठी इकडे आले, ते पेटी मांडीवर घेऊन. ट्रंक एस.टी.च्या टपावर, बायको मागच्या सीटवर, पेटी मांडीवर. तेव्हाच आपला नंबर कितवा ते कळलं, असं अरुणाबाई म्हणायच्या. सानपाड्यात तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त. राहायला सानपाडा गावच्याच आगरी गोटीरामची खोली मिळाली. उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. खाडीच्या खाऱ्या हवेनं चार पावसाळ्यांत पेटीची एक पट्टी मुकी झाली. गाणं जिथे वर चढतं, नेमकी तिथली. दाबली की नुसतं फुस्स.

मास्तर पेटी घेऊन दादरला गेले. कारागीर म्हणाला, "ठेवून जा, आठ दिवसांनी या." मास्तर पेटी तशीच उचलून संध्याकाळी घरी. चर्चच्या मंडळींना सांगितलं, "कारागिराचा हात बरा नव्हता." अरुणाबाईंनी मात्र भाकरी थापता थापताच ओळखलं. त्या आठ दिवसांत एक रविवार येत होता. त्या रविवारी दुसरा कोणी दुसरी पेटी घेऊन मास्तरांच्या खुर्चीत बसला असता. आणि बरा वाजवून गेला असता, तर?

मग मास्तरांनी तोडगा काढला. पट्टी बोलत नाही ना, मग आपण बोलायचं. तो सूर आला की गळ्यातून द्यायचा. पण देवानं मास्तरांना हात देताना गळ्याचा हिशेब तिथेच मिटवून टाकला होता. बिचारी मंडळी! मास्तर ओरडणारच आहेत, तर आपण कशाला, म्हणून ती त्या जागेवर श्वास घ्यायला लागली. पोरं त्यातच लहानाची मोठी झाली. त्यांना वाटायचं, गाण्याची चालच अशी असते, तीन शब्द आपण म्हणायचे आणि चौथा मास्तरांना सोडायचा.

गोटीराम त्या शाळेच्या पलीकडेच राहायचा. तो रविवारी ओट्यावर चहा पीत बसायचा आणि उपासना सुटली की हाक मारायचा, "मास्तर, आज कोनी पाय दिला तुमचे पायावं?"

"गोटीराम, तुला संगीतातलं कळत नाही."

"ना कलो! पन माजी म्हस बिचकतं त्याचा काय?"

पुढे म्हैस गेली, गोठा गेला, तिथे गोटीरामची चार मजली इमारत उभी राहिली, चर्चनंही स्वतःची जागा बांधली. "आऽऽ" तेवढा राहिला.

मास्तर सत्तरीला आले तेव्हा मंडळींनी निरोप समारंभ ठेवला. शाल, गुच्छ, भाषणं, बटाटेवडे. मास्तर ढसाढसा रडले. पुढच्या रविवारी चर्चचे पाळकसाहेब उपासना घ्यायला येतात तर मास्तर खुर्चीत. "मास्तर, आपण निरोप दिला होता ना?" "तुम्ही दिलात. मी कुठे घेतला?" त्यानंतर नवे पाळक आले की नवा निरोप. मास्तर दर वेळी रडायचे, शाल घ्यायचे आणि रविवारी हजर. "अजून एक निरोप झाला, तर मी शालींचं दुकान टाकते," अरुणाबाई म्हणायच्या.

असा हा माणूस, पण ऐंशी ओलांडल्यावर एका गोष्टीनं त्याला घेरलं. सानपाड्यापासून शिरवण्यापर्यंत मंडळीतल्या प्रत्येकाच्या मातीला मास्तरांनीच वाजवलं होतं, आणि कबरस्तानातून घरी आल्यावर चहाबरोबर प्रत्येक मातीचं परीक्षणही केलं होतं. "गाणं फार पळालं. मयताला उतरायची घाई नव्हती, या लोकांना घरी जायची होती." आता प्रश्न आला, आपल्या मातीला वाजवणार कोण? स्वतः वाजवता येत नाही, एवढं त्यांनीही मान्य केलं. नाइलाजानं.

एक दिवस त्यांनी अरुणाबाईंकडून वचन घेतलं. "माझीच पेटी. चर्चची ती कीबोर्डाची फळी नको. लय माझी. आणि वाजवणारा मी पसंत केलेला."

"लग्न जुळवताय की काय?"

"अरुणा, चेष्टा नको. मी इतक्यांना नीट पोचवलं. मला कोणी धावत पोचवू नये, एवढंच."

अरुणाबाईंनी मान डोलावली, आणि तेव्हापासून ते ओझं त्यांच्या डोक्यावर बसलं.

पसंती सुरू झाली. निवृत्त शिक्षक मधुकरराव आले. त्यांनी भाता दोनदा ओढला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, "राहू द्या, चहा घ्या." मग स्नेहल आली. पोरगी नेरूळला फिजिओथेरपिस्ट. चर्चनं घेतलेला कीबोर्ड तीच वाजवायची आणि मास्तर त्या कीबोर्डाकडे सवत पाहावी तसे पाहायचे. तिनं पेटीवर गाणं वाजवलं. एक चूक नाही. मास्तरांची पंचाईत. चूक सापडली नाही की त्यांना फार त्रास व्हायचा.

"हात चांगला आहे," ते शेवटी म्हणाले. "पण घाई आहे. तुझ्या गाण्यावर माझी शवपेटी पळत सुटेल."

"आणि तुमच्या लयीत वाजवलं, मास्तर, तर पुढचा मयत दारात येऊन उभा राहील."

अरुणाबाई आत जाऊन तोंडावर पदर धरून हसल्या. बाहेर स्नेहल म्हणत होती, "आधी ती पट्टी दुरुस्त करा. एवढी जुनी पेटी आणि मधेच फुस्स!"

"पट्टीला हात लावायचा नाही. नापास!"

पास कोणीच झालं नाही. मे महिन्यातल्या एका शनिवारी मास्तर जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दफन रविवारी दुपारी ठरलं. म्हणजे तोही रविवार त्यांनी चुकवला नाही.

अरुणाबाईंना रडायला सवड कुठली? वचन उरावर बसलेलं. संध्याकाळी त्या स्नेहलकडे गेल्या. "नापास झालीस, पण तूच वाजव. पेटीवर. आणि हळू, बाई."

स्नेहलचे डोळे सुजले होते. "वाजवते, काकू. पण त्या पट्टीचं काय करू? तो सूर मी गळ्यानं द्यायचा का?"

"तुला नाही जमायचा. तसलं ओरडायला जन्म जावा लागतो. ती जागा राहू दे रिकामी."

रविवारी कबरस्तानात सगळी मंडळी जमली. गोटीराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सगळ्यांच्या मागे उभा. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, स्नेहलनं भाता ओढला. लय बरोबर होती, अगदी मास्तरांची, वैताग येईल अशी. अरुणाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. मग गाणं वर चढलं आणि ती जागा आली.

फुस्स.

मंडळी सवयीनं श्वास घ्यायला थांबली आणि पुढे जाईनाच. ओरडणारा शवपेटीत होता. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. स्नेहलनं कसंबसं पुढे रेटलं. दुसऱ्या ओळीला पुन्हा तेच. पेटी त्यांची, लय त्यांची, वचन पाळलं, आणि एवढं करून माणसाला भोकाभोकाचं गाणं मिळत होतं. खुर्चीला चिकटून बसायच्या हट्टापायी केलेली ही करणी अशी शेवटच्या दिवशी अंगावर आली.

तिसरी ओळ चढली. फुस्स झालं, आणि मागून आवाज आला.

"आऽऽऽ!"

घोगरा, ताणलेला, थेट तसाच बेसूर. पुढच्या रांगेतल्या दोन बायका किंचाळल्या. सगळ्यांनी माना वळवल्या. गोटीराम गळ्याच्या शिरा ताणून उभा.

"काय बगताव?" तो खेकसला. "इतकी वरसा आयकतंय, आन मना येनार नाय? वाजव गो पोरी!"

स्नेहलनं वाजवलं. पुढे गाणं संपेपर्यंत प्रत्येक चढाला गोटीराम ओरडत राहिला आणि मंडळी त्याच्या आधारानं बिनघोर श्वास घेत राहिली. अरुणाबाई हसत होत्या की रडत होत्या, ते पदरामुळे कळलं नाही. माती देऊन झाल्यावर त्या मागे आल्या. "गोटीरामभाऊ, मास्तर म्हणाले असते, सूर जरा खाली लागला."

"वैनी, त्यांचा तरी कवा वर लागला?"

महिन्याभरानं स्नेहल अरुणाबाईंकडे आली. मंडळी आता पेटीच मागत होती, म्हणून कीबोर्ड केयूर नावाच्या मुलाला देऊन ती स्वतः मास्तरांच्या खुर्चीत बसायला लागली होती.

"आता तरी ती पट्टी दुरुस्त करून आण," अरुणाबाई म्हणाल्या. "गोटीरामभाऊ काय दर रविवारी यायचे नाहीत."

"चौकशी केली, काकू. आठ दिवस ठेवावी लागेल म्हणतात." स्नेहल चहाच्या कपाकडे बघत राहिली. "म्हणजे मधे एक रविवार केयूर एकटाच वाजवणार. हात बरा आहे त्याचा, पण घाई फार करतो. आणि एकदा का लोकांना सवय लागली, की..."

अरुणाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्या उठल्या, कपाट उघडलं आणि मास्तरांच्या निरोपांतली, घडी न मोडलेली एक शाल आणून तिच्या मांडीवर ठेवली.

"ही काय, काकू?"

"राहू दे तुझ्याकडे. लागेल."